पायऱ्यांवरची ऊंजल

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार सोशिक होतात. फुटकी घागर म्हणते, मी झिजले पण माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मोडकी छत्री म्हणते, माणसं मला विसरली तरी मी त्यांना दुवा देते. देवोत बापड्या. मी त्यातली नाही. मी फणसाच्या लाकडाची एक जुनी फळी आहे, कुंभकोणम्‌ची आहे आणि माझी तक्रार आहे. एका माणसाबद्दल आहे. त्याचं नाव महालिंगराव. त्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि पुढेही करीन असं मला वाटत नाही.

माझा जन्म तिरुनीलक्कुडीचा. तिथल्या एका मळ्याच्या बांधावर मी झाड म्हणून उभी होते. वेणुगोपाळरावांच्या आजोबांनी ते झाड घेतलं. सुतारानं मला सावलीत ठेवून सावकाश वाळवलं, रंधा मारला, तेल पाजलं, कडांना वेलबुट्टी काढली आणि चारी कोपऱ्यांत जाड पितळी कड्या बसवल्या. साखळ्या आमच्याच गावच्या ओतकाम करणाऱ्यांनी केल्या. त्यांच्या मधोमध एकेक पितळी पोपट होता. मग मला घराच्या मधल्या खणात तुळईला टांगलं. झोपाळ्याला आमच्याकडे ऊंजल म्हणतात. मी वेणुगोपाळरावांच्या घरची ऊंजल झाले.

घरची माणसं तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा इकडे आलेली, वैष्णव. घरात त्यांची ती जुनी, मुरलेली मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. पुण्याकडचा कुणी त्यांचं बोलणं ऐकून हसला, तर हसो. तीनशे वर्षं जपलेली भाषा आहे, उसनी आणलेली नाही.

लग्नात माझा मान मोठा असे. नवरानवरीला माझ्यावर बसवत, हलके हलके झोके देत. भोवती बायका गाणी म्हणत. रंगीत भाताचे मुटके त्यांच्यावरून ओवाळून चारी दिशांना टाकत, म्हणजे कुणाची दृष्ट लागू नये. पापनाशम्‌पासून तिरुभुवनम्‌पर्यंतची मराठी घरं लग्न ठरलं की मला मागायला येत. माझ्यावर बसलेली नवरी सौभाग्यवतीच जाते, अशी बायकांत बोलवा होती. खरं-खोटं देव जाणे. मी काही कुणाच्या नवऱ्याला काढे पाजायला गेले नव्हते. पण मान मिळाला तर नको कोण म्हणतं? मीही मिरवून घेतलं.

मला न्यायची एक रीत होती. ऊंजल गड्याच्या डोक्यावरून न्यायची नाही. नवरीच्या बापानं स्वतः वाजतगाजत यायचं, घरच्या सवाष्णीच्या हातून कुंकू लावून घ्यायचं, आणि फळीला पहिला खांदा आपला द्यायचा. ही रीत ध्यानात ठेवा. महालिंगरावाला तीच नडली.

आता माझ्या रघूत्तमाबद्दल सांगते. वेणुगोपाळराव आणि वत्सलाबाई यांचा हा एकुलता एक मुलगा. लहान असताना त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना दोन्ही पायांतली शक्ती घेऊन गेला. तेव्हापासून पोर माझ्यावरच वाढलं. माझ्यावर बसून जेवलं, माझ्यावर पाढे म्हटले, रुसलं की माझ्याच साखळीला डोकं टेकून बसलं. वेणुगोपाळराव पोस्टात कारकून. भला माणूस, पण काही झालं तरी "जाऊं दे" म्हणणारा. वत्सलाबाई मात्र जाऊ देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एका सायकलवाल्याला गाठून वेताच्या खुर्चीला सायकलची चाकं बसवून घेतली. हातांनी चाकं फिरवत रघूत्तम शाळेत जाऊ लागला आणि चांगल्या गुणांनी शाळा पार करून बसला.

मग कॉलेज. आमच्या पेठेत एका जुन्या छत्रात एक नवं, गरीब कॉलेज निघालं होतं. छत्र म्हणजे पूर्वी यात्रेकरूंना उतरायला आणि लग्नकार्याला बांधलेली इमारत. सुटीच्या दिवसांत तिथं अजूनही लग्नं लागत. कौलं गळत, बाकं अपुरी, पुस्तकांचं एक कपाट आणि त्यालाही वाळवी. ते गरीब होतं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गरिबी हा काही गुन्हा नव्हे. पण छत्राचा ओटा पुराच्या भीतीनं उंच बांधलेला, आणि दाराशी दगडी पायऱ्या खड्या चढणीच्या. रघूत्तमाची खुर्ची त्यांच्यापुढे येऊन थांबे.

पहिले काही दिवस कॉलेजचे दोन शिपाई त्याला उचलून वर नेत. एकजण बगलेत हात घाली, दुसरा पाय धरी. तांदळाचं पोतं न्यावं तसं. वर्गातली मुलं बघत. एकदा पावसात एका शिपायाचा पाय घसरला आणि रघूत्तम पायरीवर आपटला. कोपर फुटलं. तो घरी आला, माझ्यावर बसला आणि म्हणाला, "अम्मा, उद्यापासून मी जात नाही. पडलों म्हणून नव्हे. पडल्यावर असके हसले म्हणून."

असके म्हणजे सगळे. वत्सलाबाईंनी त्याचं कोपर धुतलं, हळद लावली. मग माझ्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या साखळ्या काढल्या.

मित्रांनो, तुम्हांला कळतंय ना काय झालं ते? ज्या फळीला नवऱ्या नमस्कार करून बसत, ती फळी पायऱ्यांवर तिरकी टाकायची! तिच्यावरून चाकं, चपला, चिखल! वेणुगोपाळरावांनी कपाळाला हात लावला. "वत्सला, लोक काय म्हणतील? मंगळ वस्तू ती."

"मंगळ आहे म्हणूनच नेत्यें," वत्सलाबाई म्हणाल्या. "लोकांस सांगूं नका म्हणजे झालं. कोणी विचारलं तर म्हणा, ऊंजल माळ्यावर आहे."

अशी मी गुपचूप कॉलेजात गेले. माझ्या पितळी कड्यांतून काथ्या ओवून मला वरच्या खांबांना बांधलं, म्हणजे मी घसरू नये. रघूत्तमानं चाकं फिरवली, मागून एका मित्रानं हात लावला, आणि माझं पोर मान ताठ ठेवून दारातून आत गेलं. काय सांगू तुम्हांला! शेकडो नवऱ्या बसल्या माझ्यावर, पण असं कुणी बसलं नव्हतं.

रघूत्तमामागून आणखी एक जण माझ्यावरून येऊ लागली. तिचं नाव शिवकामी. तिरुभुवनम्‌च्या रेशीम विणणाऱ्या घरातली मुलगी. एक पाय आखूड, बगलेत कुबडी. पायऱ्यांवर तिची कुबडी निसटायची म्हणून ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसत बसत वर चढायची, कुणी बघू नये म्हणून. आता ती घंटा झाल्यावर, चारचौघांबरोबर येऊ लागली. माझ्यावर कुबडीचा ठक ठक आवाज व्हायचा आणि ती मुद्दाम जरा जोरात टेकायची, असं मला वाटे.

इतिहास शिकवायला सुंदरेश नावाचे तरुण मास्तर होते, तमिळ. माझ्यावर शेवाळ धरू नये म्हणून ते स्वतः नारळाच्या काथ्यानं मला घासत. ते म्हणायचे, "कॉलेजजवळ पैसा नाही, ठीक. पण ही फळी फुकट मिळाली आहे. ही तरी टिकवू या." असा सगळा चांगला चाललेला संसार. त्यात महालिंगराव आले.

महालिंगराव कॉलेजचे सेक्रेटरी. आमच्याच मराठी लोकांतले, मोठं घर, अंगावर कायम इस्त्रीचं उपरणं. मद्रासेहून विद्यापीठाचे निरीक्षक कॉलेज पाहायला येणार होते. महालिंगराव आदल्या दिवशी दाराशी उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून ओरडले, "हे काय? कॉलेज आहे की तांदळाचं गोदाम? पाहुण्यांस पहिली दिसणार ती ही घाणेरडी फळी? काढा आधी!"

सुंदरेश म्हणाले, "सर, ती दोन विद्यार्थ्यांची वाट आहे."

"एक दिवसाचा प्रश्न आहे. परवा लावा परत."

परवा कधी आला नाही. निरीक्षकांनी म्हणे जुन्या दगडी पायऱ्यांची तारीफ केली. झालं! पायऱ्या म्हणजे कॉलेजची शोभा ठरली. मला शिपायांनी ओढत मागच्या अंगणात नेलं, मुदपाकखान्याच्या मागे. तिथं वसतिगृहाच्या मुलांचा स्वयंपाक होई. आचाऱ्याला मी आयतीच सापडले. माझ्यावर तो कोहळे चिरायचा, केळीचे खुंट तासायचा, उरलेलं कढण ओतायचा. वेलबुट्टीत भाताची शितं कुजली. पाऊस आला तसा माझ्यावर पडला, ऊन आलं तसं माझ्यावर तापलं. फुगले, तडकले. वाळवी हुंगून गेली. तिला म्हटलं, जा बाई, मला इतक्यात मरायचं नाही, एकाचं उट्टं काढायचंय.

खरं सांगते मित्रांनो, मी रोज शाप दिले. महालिंगरावाची उपरणी उंदरांनी कुरतडोत. त्याच्या रसमात कायम मीठ जास्त पडो. त्याला असा जावई मिळो की जेवणावळीत तीनदा पायसम् मागेल आणि चौथ्यांदा रुसेल. हसू नका. टाकून दिलेल्या फळीला आणखी काय करता येतं?

माझ्या हालांचं मी गिळलं असतं. रघूत्तमाचे हाल झाले ते मला गिळता आले नाहीत. शिपाई आता त्याला उचलायला तयार नव्हते, आणि तोही त्यांच्या हाती जायला तयार नव्हता. तो खुर्ची घेऊन यायचा आणि रस्त्यावर, वर्गाच्या खिडकीखाली थांबायचा. सुंदरेश खिडकीपाशी उभे राहून मोठ्यानं शिकवायचे. हजेरीला रघूत्तमाचं नाव घेतलं की रस्त्यावरून आवाज यायचा, "हजर!" ऊन डोक्यावर आलं तरी तो हलत नसे. आणि ही हजेरी महालिंगरावानं मानली नाही. वर्गाच्या दाराच्या आत जो आहे तो हजर, रस्त्यावर तर म्हशीही उभ्या असतात, असं तो म्हणाला. हजेरी कमी पडली की विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही. इंटरची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. माझ्या पोराचं वर्ष जाणार होतं, आणि एकदा वर्ष गेलं की महालिंगराव त्याला पुन्हा घेणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

वत्सलाबाई त्याच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते पुढे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. महालिंगरावानं त्यांना ओट्यावर उभं ठेवलं आणि म्हणाला, "आपलींच माणसं म्हणून सांगतों. कशास त्या पोराला कॉलेजांत फरफटत नेतां? घरीं बसवा, पंचांग शिकवा. बसून करायचं काम बसलेल्यास द्यावं."

ज्या बाईनं मुलाच्या खुर्चीला चाकं लावली, तिला हा सल्ला! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वत्सलाबाई घरी आल्या तेव्हा वेणुगोपाळराव नेहमीप्रमाणे म्हणाले, "जाऊं दे." त्यावर त्या म्हणाल्या, "नाही जाऊं देत."

सुंदरेशांनी त्यांना सांगितलं होतं की फळी मुदपाकखान्यामागे पडली आहे, घरी पोचवतो. त्या म्हणाल्या, "नको. ज्यानं टाकली तोच उचलील." मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. महालिंगराव आणि मला उचलणार? पण बाईला आपल्या लोकांच्या रीती पक्क्या माहीत होत्या.

थोड्याच दिवसांत महालिंगरावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी त्रिपुरसुंदरी, नवरा तंजावरचा, मोठ्या घरातला. लग्न कॉलेजच्याच छत्रात, मांडव दारापासून. सगळं झालं आणि नवऱ्याच्या आजीनं, नागलक्ष्मीबाईंनी, एकच अट घातली. त्यांचं स्वतःचं लग्न लहानपणी माझ्यावरच बसून लागलेलं. त्या म्हणाल्या, "कुंभकोणांत वेणुगोपाळरावांकडे ऊंजल आहे. तीच पाहिजे. ती नाही तर मी लग्नास येत नाही." म्हातारी न आली तर घर येणार नाही, हे महालिंगरावाला कळत होतं.

मग तो आला वत्सलाबाईंच्या दारी. हातात तबक, तबकात विडे, फळं, फुलं. तोंडावर साखर पेरलेली. "वत्सलाबाई, असकं तुमच्या हातीं आहे. ऊंजल देतां ना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! ज्या फळीवर त्याच्याच कॉलेजचा आचारी कोहळे चिरत होता, ती मागायला हा तबक घेऊन गावभर फिरला होता. त्याला कसं कळावं? त्यानं मला कधी नीट पाहिलंच नव्हतं. कड्या पाहिल्या नाहीत, वेलबुट्टी पाहिली नाही. ज्याच्यावरून पांगळं पोर चढतं ते सगळं त्याच्या लेखी लाकूडफाटाच.

वत्सलाबाई हसल्या. "होय की, न्या. पण रीतीनं न्या. वाजतगाजत या. नागलक्ष्मीबाईंसही घेऊन या, त्यांच्या ओळखीची वस्तू आहे."

तो गेल्यावर रघूत्तम म्हणाला, "अम्मा, त्या मुलीनं काय केलं? तिचं लग्न कां मोडायचं?"

"तिचं नखही दुखवत नाही मी," वत्सलाबाई म्हणाल्या. "तिच्या अप्पाचं मात्र बघ." रघूत्तमाला हसू फुटलं. आईचाच मुलगा तो.

ठरल्या सकाळी नादस्वरम् वाजत, तविलाचे ढोल घुमत, मिरवणूक वत्सलाबाईंच्या दारी आली. पुढे महालिंगराव, जरीचं उपरणं. मागे दोन्हीकडच्या बायका, आणि मधे नागलक्ष्मीबाई. वत्सलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या, पण घराच्या आत कुणाला बोलावलं नाही. त्या रस्त्याला लागल्या. रघूत्तमाची खुर्ची सगळ्यांच्या पुढे. वाजंत्री बिचारी वाजवत मागे निघाली. महामहम तळ्याच्या काठानं वळल्यावर महालिंगराव म्हणाला, "ही वाट तर कॉलेजची."

"होय की," वत्सलाबाई म्हणाल्या.

मला आधी नादस्वरम् ऐकू आलं. म्हटलं, कुणाचं तरी लग्न. मग आवाज मागच्या अंगणात शिरला. आचारी सुरी टाकून पळाला. माझ्यावर कोहळ्याच्या साली, केळीचं साल, उष्टं. वत्सलाबाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "ही ऊंजल. न्या."

वाजंत्री थांबली. नागलक्ष्मीबाई वाकल्या. म्हाताऱ्या बोटांनी त्यांनी साली बाजूला केल्या, पितळी कडी घासली, वेलबुट्टीवरून हात फिरवला. त्यांनी मला ओळखलं. माझ्यावर बसलेली ती परकरातली पोर मीही ओळखली.

"ही येथें कोणी टाकली?" त्यांनी विचारलं.

महालिंगरावाच्या तोंडचं पाणी पळालं. "मज माहीत नव्हतं की ही ऊंजल आहे. मज वाटलं फळी."

"फळीच होती," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "माझा लेक हिच्यावरून वर्गांत जात होता, तेव्हां ही फळी होती. तुमची लेक बसणार म्हटल्याबरोबर ऊंजल झाली? माझ्या पोराची वाट काढून टाकलींत, त्याला उन्हांत बसवलंत, त्याच्या हजेरीस म्हशीची हजेरी म्हणालांत. मज म्हणालांत, पंचांग शिकवा. आतां मीच तुम्हांस पंचांग सांगत्यें. मुहूर्त चार दिवसांवर आहे. रघूत्तमाची असकी हजेरी आज, आतां, येथें मान्य होईल. ही फळी आजच पायऱ्यांवर परत जाईल, तुमच्या खांद्यावरून. लग्नादिवशीं पहिला हिच्यावरून माझा लेक वर जाईल, मग हिला साखळ्या लागतील. मधें कोणी हिला पुसायचं नाही. आणि लग्न लागलं की परत पायऱ्यांवर. कबूल नसेल तर मी हिला घेऊन घरीं जात्यें."

महालिंगराव नागलक्ष्मीबाईंकडे बघू लागला. म्हातारी म्हणाली, "मजकडे काय बघतां? खांदा द्या."

सुंदरेश तोवर प्रिन्सिपॉलसाहेबांना घेऊन आलेच होते. बिचारे प्रिन्सिपॉल गरीब माणूस, सेक्रेटरीच्या शब्दाबाहेर नसत. सेक्रेटरीनं मान हलवली तशी त्यांनीही हलवली, आणि रघूत्तम उन्हात बसलेला प्रत्येक दिवस हजेरीत धरला गेला. मग जरीचं उपरणं सावरत महालिंगरावानं मला खांदा दिला. कुजलेलं कढण त्याच्या मानेवरून पाठीत उतरलं. मी मुद्दाम जड झाले. लाकडाला जड होता येत नाही म्हणता? या एकदा माझ्या खाली.

लग्नाच्या दिवशी मांडवापुढे पाणी शिंपडलं होतं. रघूत्तम धुतलेला पंचा नेसून आला आणि त्यानं कोरडी वाट सोडून खुर्ची सरळ मोरीच्या चिखलातून काढली. आईनं आपलं उट्टं काढलं होतं, हे त्याचं. माझ्यावर दोन काळे ओले पट्टे उमटवत तो वर गेला. पाहुणे बघत राहिले, पण या वेळी हसलं कुणी नाही. मग मला तसंच उचलून साखळ्या लावल्या. त्रिपुरसुंदरी तिरुभुवनम्‌चं रेशीम नेसून माझ्यावर बसली, शेजारी शुभ्र धोतरातला नवरा. बायका गायल्या, भाताचे मुटके चारी दिशांना गेले. नवरा उठला तेव्हा त्याच्या धोतरावर मागे चाकाचे दोन पट्टे! सासऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्रिपुरसुंदरी मात्र पदर तोंडाशी धरून हसली. तिच्यावर माझा राग नव्हताच. तिला मी अगदी अलगद झुलवलं.

महालिंगरावासाठी मी स्वतःचं एक राखून ठेवलं होतं. लग्नानंतर मला पायऱ्यांवर परत लावलं आणि मुलीला निरोप देऊन तो अनवाणी माझ्यावरून वर चढला. मागच्या अंगणातल्या पावसानं आणि उन्हानं माझी एक कड उसवली होती, तिथं लाकडाची एक लांब, सुईसारखी टोकदार कूस उभी राहिली होती. नवरीला मी ती लागू दिली नाही, नवऱ्याला नाही, रघूत्तमाला तर नाहीच. महालिंगरावाच्या टाचेत ती मी आतपर्यंत दिली आणि आत मोडली. टाच पिकली. कितीतरी दिवस त्याला दगडी पायरीवर पाय टेकवेना. कॉलेजात येताना तो भिंत धरून, लंगडत, माझ्यावरूनच यायचा. पायऱ्यांच्या शोभेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. एकदा रघूत्तम वरून उतरत होता आणि तो खालून चढत होता. रघूत्तमानं चाकं धरून खुर्ची थांबवली आणि म्हणाला, "या सर. मी थांबतों. मज वाट बघायची सवय आहे." महालिंगराव खाली मान घालून वर गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रघूत्तम परीक्षेला बसला, इंटर झाला, आता बी.ए.च्या वर्गात जातो. लग्नसराई आली की लोक मला मागायला येतात ते कॉलेजच्या दारी, आणि काम झालं की मुकाट्यानं परत आणून लावतात. हे सगळं तुम्हांला गोड वाटेल. सूड पुरा झाला, कहाणी संपली, असं म्हणाल.

संपली नाही. शिवकामी परत आली नाही. मी मुदपाकखान्यामागे पडले होते तेव्हाच ती गेली. ती खिडकीखाली बसली नाही. रस्त्यावर बसलेल्या मुलीला लोक काय बोलतात ते तिला ठाऊक होतं. काही दिवस ती पूर्वीसारखी सगळ्यांच्या आधी येऊन बसत बसत चढली. मग एकदा ती तशी चढत असताना मुलांनी पाहिलं, आणि ती घरी गेली ती गेलीच. सुंदरेश तिरुभुवनम्‌ला जाऊन आले. ती रेशमाच्या कांड्या भरत बसली होती. बाप म्हणाला, आता हातांना कामाची सवय झाली आहे, तीच बरी. तिनं मान वर न करता पुढची कांडी घेतली. त्रिपुरसुंदरीच्या अंगावरचं ते रेशीम कुणाच्या हातून गेलं होतं कुणास ठाऊक. रघूत्तमाच्या घरी मी होते, मला मागायला सेक्रेटरी तबक घेऊन आला. शिवकामीच्या घरी मागण्यासारखं काय होतं? तिची हजेरी मान्य करा असं त्या सकाळी कुणी म्हणालं नाही. वत्सलाबाईही म्हणाल्या नाहीत. महालिंगरावाच्या टाचेतली कूस केव्हाच निघाली. तो आता ताठ चालतो. म्हणून म्हणते, माफ केलेलं नाही.

तर मित्रांनो, जुन्या फळीला तेल लावा, शेवाळ घासा, हे सगळं सुंदरेश मास्तर तुम्हांला सांगतीलच. मी एवढंच सांगते. कुणाची वर चढायची वाट आपल्या शोभेपायी काढून टाकू नका. आणि टाकलीत, तर अनवाणी माझ्याकडे येऊ नका.